बटाट्याचं काचघर

"एवढीशी काचेची पेटी करून मिळेल?"

मी मान वर केली नाही. काचेवर हिरा फिरत असताना — काच कापायचा हिरा, बोटातला नव्हे — मान वर केली की काच गेलीच म्हणून समजा. रेघ पुरी केली, काच टेबलाच्या कडेला टक् करून मोडली आणि मग पाहिलं. उंच, रुंद खांद्यांचा, गळ्यात शिट्टी. दोन्ही हातांत एक प्लास्टिकचा डबा, असा जपून धरलेला, जणू आतलं दूध उतू जातंय.

"एवढीशी म्हणजे केवढी?"

त्यानं डबा टेबलावर ठेवला. आत दोन बोटं पाणी, आणि पाण्यात कासवाचं पिल्लू. माझ्या तळव्यात मावेल एवढं. मानेवर पिवळ्या रेघा, आणि चेहरा असा की सगळ्या जगावर रुसलंय.

"हा बटाट्या," तो म्हणाला. "म्हणजे... नाव माझ्या भाचीनं ठेवलंय."

"तुम्ही काय ठेवलं असतंत?"

"कासव," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

मला हसू फुटलं. आतल्या खोलीत बाबा आरशांच्या कडा घासत होते, त्यांचं यंत्र क्षणभर थांबलं. मी गिऱ्हाइकासमोर हसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

तो तलावावर पोहायला शिकवायचा. बहिणीची बदली झाली होती, नव्या जागेचा घरमालक प्राणी ठेवू देत नव्हता, म्हणून भाचीनं रडत रडत बटाट्याला मामाच्या हवाली केलं होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती त्याची खबर घ्यायची. आणि आता बटाट्यानं खाणं सोडलं होतं.

"हा वाढून केवढा होईल?" मी विचारलं.

"...नाही माहीत."

"मग पेटी कशाच्या मापानं कापू? लहान मुलांचे कपडेसुद्धा वाढत्या अंगाचे शिवतात, मास्तर. आधी डॉक्टरांना विचारू."

'विचारा' म्हणायला हवं होतं. मी 'विचारू' म्हणाले. बाबांचं यंत्र पुन्हा थांबलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई मागच्याच गल्लीत होत्या. त्यांनी बटाट्याला उलटसुलट केलं, पाठीवर अलगद अंगठा दाबला आणि आम्हा दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"कवच मऊ पडायला लागलंय. ऊन मिळत नाही पोराला. दोघंही कामावर जाता वाटतं?"

"हो," तो म्हणाला आणि मग कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे — जातो, पण — आपापल्या —"

"मास्तर, उन्हाचं बोला," मी म्हणाले.

"हां! खिडकीत ठेवतो ना मी त्याला, उन्हात."

"खिडकीला काच असेल," बाई म्हणाल्या. "त्याच्या हाडांना जे ऊन लागतं, ते काच अडवते."

जन्मभर काचेत वावरून मला हे माहीत नव्हतं. आरपार दिसतं म्हणून सगळंच आरपार जातं, असं थोडंच असतं!

बाईंनी मग सगळं समजावलं. पोहायला ऐसपैस, कोमट पाणी. ते गाळायला फिल्टर. वर चढून अंग सुकवायला कोरडी जागा, तिच्यावर एक उबेचा दिवा आणि एक उन्हाची उणीव भरून काढणारा खास दिवा. तळाला बारीक खडे अजिबात नकोत, गिळून बसतो. आणि मोठा झाला की गडी जेवणाच्या ताटाएवढा होणार.

"ताट?" मास्तर खचलेच.

"तुमच्या घरात एक रिकामी भिंत आहे?" मी विचारलं.

"आहे."

"मग घाबरताय कशाला? मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला गेले. पुढच्या खोलीत एक पलंग, टॉवेलांची ही रास आणि काटकुळ्या पायांचं एक टेबल.

"ह्याच्यावर ठेवू या?"

"पाण्याचं वजन कळतंय का? तुम्ही, मी आणि आणखी एक जण ह्या टेबलावर बसलो तर काय होईल?"

त्यानं टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आणखी एक जण... कोण?"

"मास्तर, टेबलाकडे लक्ष द्या."

शेवटी लोखंडी स्टँड आणला. जाड काचा कापल्या, कडा घासल्या. तो काचा धरायचा, मी सिलिकॉननं सांधे भरायचे. समोरासमोर दोघं, मध्ये फक्त काच...

"हलू नका."

"श्वास घेऊ?"

"हळूच."

काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरायची, विरायची, पुन्हा धरायची. त्या दिवशी तो सांधा भरायला मला जरा जास्तच वेळ लागला.

सिलिकॉन पक्कं वाळल्यावर आम्ही टाकीत पाणी भरलं — आणि डाव्या कोपऱ्यातून बारीकशी धार लागली. माझा सांधा! गळला! मी तिथंच फतकल मारून बसले. बाबांच्या दुकानाची अब्रू त्याच्या फरशीवरून वाहत चालली होती, आणि हा पठ्ठ्या टॉवेलावर टॉवेल टाकत हसत होता.

"हसताय काय?"

"बरं वाटलं म्हणून. आता तुम्हाला परत यावं लागेल."

चांगलं खरमरीत उत्तर तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

"'तुम्हाला' नको," मी म्हणाले. "'तुला' म्हण."

तो कोपरा मी खरवडून नव्यानं सांधला. मग थेंबही गळाला नाही. पण बटाट्याचा निराळाच हट्ट. वर चढायला मी मोठ्या हौसेनं काचेचा उतार बसवला होता. तो चार पावलं चढायचा आणि डुबुक्!

"ओल्या काचेवरून चढणार कसा तो?" मास्तर म्हणाला. "तलावाच्या काठाला आम्ही खरबरीत फरशी उगीच बसवतो का?"

माझी हौस मी मुकाट्यानं उतरवली. उतारावर सिलिकॉन लावून त्यात जाडसर वाळू बसवली, सुकू दिली, धुतली आणि उतार पुन्हा टाकीत बसवला. बटाट्या अर्ध्यावर थांबला. विचार केला. आणि चढला! दिव्याखाली पोचून त्यानं मान लांब केली, मागचे दोन्ही पाय हवेत ताणले, बोटं पसरली... सुट्टीवर आलेला साहेब जणू. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. त्याच्या हातात माझा हात कधी गेला, मला कळलं नाही. खोटं कशाला बोलू — कळलं होतं. संध्याकाळी बटाट्यानं खाल्लं.

रविवारी कॉलवर भाची आधी किंचाळली, मग तिनं मला पाहिलं. "मामा, ही मामी आहे का?"

फोन टाकीत पडता पडता वाचला. "ती... ती काचेचं काम करते," तो म्हणाला.

खरंच होतं ते. तरी खुपलं.

पुढं बटाट्याचं कवच चांगलं टणक झालं, आणि त्याच सुमारास बहिणीला दुसरं घर मिळालं. घरमालक भला होता. ती गाडी घेऊन आली. टाकी, स्टँड, दिवे आणि भाचीच्या मांडीवर बटाट्या — सगळं गेलं. खोलीत फरशीवर स्टँडच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. मी थांबले. तो त्या खुणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थँक्यू हं."

थँक्यू! मी जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात स्वारी दुकानात हजर. "आरसा हवा होता." बसवून दिला. पुन्हा आला, आणखी एक आरसा. तिसऱ्यांदा तो माप सांगून गेला आणि बाबा हात पुसत बाहेर आले.

"एकट्या माणसाला तिसरा आरसा? हा गडी स्वतःवर भाळलाय की आणखी कुणावर, ते एकदा विचारून ये, पोरी."

मी तशीच तलावावर गेले. छताखालचा मोठा तलाव, निवृत्त बायकांचा वर्ग चालू, आणि मास्तर कमरेइतक्या पाण्यात उभा. मला पाहून त्याच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

"तिसरा आरसा मी बसवणार नाही," मी काठावरून म्हणाले.

"का?"

"कारण मला तुझ्या घरी काम म्हणून यायचं नाही. मला नुसतं यायचंय. तुझ्यासाठी. तू मला आवडतोस, आणि तुझ्या तोंडून हे निघायची वाट पाहत बसले तर बाबांच्या दुकानातल्या काचा संपतील."

तलावात एकही हात हलेना. पंधरा टोप्या आमच्याकडे वळल्या होत्या.

"मी... विचारणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"पाचव्या आरशानंतर."

"आत्ता विचार."

तो पाणी कापत काठाशी आला. वर पाहिलं. डोळ्यांत भीती होती, पण नजर हलली नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो हळूच म्हणाला. "भाचीनं विचारलं तेव्हाच 'होणार आहे' म्हणायचं होतं मला. राहशील माझ्याबरोबर... कायमची?"

"अहो मास्तर," खोल बाजूनं एक आजी ओरडल्या, "इकडे काही ऐकू येत नाही! मोठ्यानं!"

मी हाताची घडी घातली आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हटलं, इतक्या मोठ्यानं की छत घुमलं.

माझं 'हो' मात्र त्या टाळ्यांत कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याला गेलं.