न धुतलेला खल

दिवा जवळ घे आणि मध्ये बोलू नकोस. सांगते.

आमच्या रानातल्या वस्तीत झाडपाल्याचं औषध द्यायचे ते माझे सासरे, मामंजी. खलात मुळी कुटता कुटता ते झाडाला साकडं घालत. सुरुवात आजाऱ्याच्या नावानं, शेवट झाडाची माफी मागून. ज्यानं साकडं सुरू केलं त्यानंच ते संपवायचं, दुसऱ्याचं तोंड चालत नाही. आणि औषध देणारा गेला की त्याचा खल लगेच धुवायचा, म्हणजे त्याचा जीव मोकळा होतो.

माझी लेक तापानं फणफणली होती. मामंजींनी तिचं नाव घेऊन कुटायला घेतलं आणि साकडं अर्ध्यावर असतानाच बसल्या जागी मान टाकली.

त्यांना माती देऊन आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "खल धुतलास ना?"

"धुतला की."

धडधडीत खोटं! पोरगी डोळे उघडत नव्हती आणि मी म्हाताऱ्याला मोकळं करू? अर्धवट कुटलेल्या मुळीसकट खल औषधांच्या खोलीत तसाच ठेवला होता. बोल, काय चुकलं माझं?

संध्याकाळी नवरा पाण्याला गेला. मी पोरीच्या उशाशी बसले होते. घरभर ओल्या मुळीचा कडू वास सुटला... मग खोलीतून आवाज. ठक्... ठक्... आणि त्यावर मामंजींचं पुटपुटणं, जिथं थांबलं होतं तिथून पुढे. मी पोरीचा हात तेवढा घट्ट धरून ठेवला. तो हात हळूहळू गार पडत गेला. ताप जातोय की जीव, काही कळेना.

माफीचे शब्द झाले. आवाज थांबला.

"आई... भूक लागली."

मी हसले, रडले, तिचे मुके घेतले. आता खल धुऊन म्हाताऱ्याला सोडावं म्हणून त्या खोलीच्या दाराशी गेले. कडीला हात लावला तोच आत बत्ता पुन्हा पडला. ठक्...

साकडं पहिल्यापासून सुरू झालं होतं. पहिल्यापासून म्हणजे नावापासून. मामंजींनी मला जन्मभर 'पोरी' म्हणूनच हाक मारली. माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मला काही झालेलं नव्हतं. अजूनही नाही, हात लावून बघ हवं तर. पण साकडं रोज संध्याकाळी थोडं थोडं पुढे सरकतं... अजून संपलेलं नाही.

आता तूच सांग, खल धुऊ की नको?