शिरा उघडल्यावर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर माझ्या मावशीकडे चहाला या. अगदी प्रेमानं देईल.

मला भीती वाटते ती त्याचीच...

रविवार होता. डोक्यात रक्तस्राव झालेली मावशी अतिदक्षता विभागात होती. आता मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसत चालल्या होत्या. उजवा हात लुळा. वाचा बंद.

जिच्या तोंडाला घरदार टरकायचं, ती गप्प!

शेजारच्या खाटेवर एक शिंपीणबाई होती. तोच आजार. वाचा तपासायला सिस्टर पेन दाखवायची, "हे काय?"

बाई दरवेळी म्हणायची, "आधी माझा चष्मा दे, बाळा."

त्या दुपारी ती गेली. खाट रिकामी झाली...

संध्याकाळी मावशीला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. मांडीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत सरकवली आणि शिरा रुंदावणारं औषध सोडलं.

"छान उघडल्या," डॉक्टर म्हणाले. "पण असर उतरला की पुन्हा आवळतात कधीकधी."

खाटेवर आणल्यावर सिस्टरनं पेन धरलं. "मावशी, हे काय?"

ओठ हलले...

"आधी माझा चष्मा दे, बाळा."

मावशीला चष्मा नाहीच.

सिस्टरच्या हातून पेन पडलं.

मावशी काकांकडे वळली. "अहो, जेवलात का?"

काका दचकले. लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता.

सकाळी तिचा हात पुन्हा गळाला. शब्द तुटू लागले. आणि मधेच... तिचा खरा, खरखरीत आवाज.

"मेल्या, बघत काय बसलायस? ही बाई... मला आत येऊ देत नाही... औषध नको..."

डॉक्टर धावत आले. "शिरा आवळतायत. औषध सोडलं नाही तर मावशी हातच्या जातील. सोडू ना?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. शप्पथ, ऐकलं होतं.

"सोडा," काका म्हणाले. "लगेच सोडा."

मावशी वाचली. आजारपणानं बाई किती निवळली, असं सगळे म्हणतात. काका चक्क गुणगुणतात.

शिरा उघड्या ठेवायच्या गोळ्या अजून चालू आहेत. परवा मला चहा देताना तिचा उजवा हात थरथरला. कप निसटला. ओठ वाकडे झाले...

"मेल्या... मी..."

मी उठेपर्यंत काका गोळी घेऊन हजर.

त्यांनी ती तिला भरवली, तोंड पुसलं. आम्ही दोघं वाट बघत बसलो. एकमेकांकडे न बघता.

मग ती गोड हसली.

"माझा चष्मा कुठंय रे, बाळा?"

काकांनी खिशातून काढून दिला.