केसभर उजेड

व्हायोलिनचा गज करायचा तर आधी कठीण लाकडाची काठी चारही बाजूंनी काटकोनात रंधून घ्यावी लागते. तिथे चुकलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात. आमच्याकडे हे काम ह्यांचं. घासणं, वाकवणं, घोड्याचे केस बांधणं माझं. ह्यांच्या डाव्या गुडघ्यात कळ यायची, त्यामुळे काठीच्या शेवटच्या वीतभरात रंधा कलायचा. काटकोन तपासायला गुण्या लावला की तिथून केसभर उजेड दिसे. हे टेबलाला दोष देत आणि मी म्हणत असे, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग हे मुकाट्याने काठी सरळ करून माझ्या टेबलावर आणून ठेवत. सोबत रंध्यातून निघालेला एक लांब छिलका, टोकं सरसाने चिकटवून केलेलं कडं, माझ्या भरल्या मनगटाच्या मापाचं.

गेल्या वर्षी हे गेले. त्यांचा रंधा डोळ्यांसमोर नको म्हणून मी दिरांना देऊन टाकला. पण काठ्या कोण रंधणार? माझी मनगटं तर पार वाळली होती. शेवटी चार काठ्या घेऊन रंध्याचं मशीन बघायला गेले.

दुकानदार ह्यांचा जुना दोस्त. पहिल्या मशीनने लाकडाचे रेषे उपटले. दुसरं सोळा आणे चोख. तेच घ्यायचं ठरलंही. कोपऱ्यात एक जुनं, लांब पाटाचं मशीन धूळ खात पडलं होतं. निघता निघता त्यातूनही एक काठी काढली आणि गुण्या लावला.

शेवटच्या वीतभरात, डाव्या कडेला, उजेड.

दुकानदाराने काठी टेकवायची पट्टी आवळली, पातं तपासलं. त्याची काठी सरळ निघाली. माझी पुन्हा तशीच. मशीनला गुडघा नसतो, हे मलाही कळतं.

"वहिनी, हे भंगारात जायचंय."

"हेच द्या," मी म्हटलं.

दुकानदाराने मला वेड्यात काढलं असणार. काढू दे. घरी आणल्यावर एकेक काठी तशीच निघे. मी ती कानशीने घासून सरळ करी, मनगटं ठणकत, पण तक्रार नव्हती. ह्यांच्याविना घर खायला उठायचं. तो उजेड दिसला की तेवढ्यापुरतं भरल्यासारखं वाटायचं. मला मशीन नकोच होतं. मला हे हवे होते.

एका सकाळी कामाच्या नादात, काठीला गुण्या लावता लावता, तोंडातून निघून गेलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." माझी मीच हसले. मशीन बंद केलं, काठी तिथेच ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

परत आले तर काठी माझ्या टेबलावर होती.

गुण्या लावला. उजेड नाही.

मशीन चालू करून दुसरी घातली. उजेड नाही. टोपलीतल्या सगळ्या काठ्या घातल्या. सगळ्या सरळ.

"राहू द्या हो वाकडं," मी म्हटलं. "मी चुकून बोलले."

आणखी एक घातली. सरळ.

मशीनखाली नुसता भुसा होता. मशीन लांब छिलका काढत नाही.

माझ्या टेबलावर, काठीच्या पलीकडे, एक कडं होतं. सरस अजून ओला होता.

मी ते हातात घातलं. जुन्या मापाचं असतं तर कोपरापर्यंत गेलं असतं.

ते मनगटावर नेमकं बसलं.