भिंतीकडे बघणारा कॅमेरा

"कावळाच आहे, लिहून ठेव!" राजरत्न म्हणाला. "तो कॅमेऱ्यावर बसतो आणि कॅमेरा फिरतो."

"कॅमेरा फिरवायला तो कावळा आहे की क्रेन?" पायलने विचारलं.

पायल राजरत्नची धाकटी बहीण. भावाचं म्हणणं खोडून काढायचं काम ती फार मन लावून करायची. बदलापूरच्या उल्हासदीप सोसायटीच्या जिन्यात ही चर्चा चालली होती, मे महिन्याची सुट्टी होती, आणि दोघांच्या शेजारी वेणू बसली होती. एरवी वेणू दोघांनाही बोलू द्यायची नाही. आज ती गप्प होती.

वेणूचे बाबा, आनंदाकाका, सोसायटीचे दिवसपाळीचे वॉचमन. ते चामटोलीहून सायकलने यायचे आणि सुट्टीत वेणूला मागे बसवून आणायचे. रविवारी सोसायटीची मीटिंग होती आणि तिच्यात त्यांना कामावरून काढायचं ठरणार होतं. कारण होतं तो कॅमेरा.

तेव्हा २००८ साल होतं. सोसायटीत कॅमेरा असणं ही पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायची गोष्ट होती. फाटकाजवळच्या खांबावर तो होता आणि वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर त्याचं चित्र दिसायचं. तो आपोआप फिरायचा. फाटक, सायकल स्टँड, जिना, पुन्हा फाटक. प्रत्येक ठिकाणी थोडा थांबायचा. पण दुपारी कधीतरी तो थांबायचाच नाही. फिरत फिरत थेट टोकाला जायचा आणि कंपाउंडच्या भिंतीकडे बघत बसायचा.

"रात्रीच्या वॉचमनच्या वेळेला कसं हो सगळं नीट असतं?" सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकरकाका सगळ्यांना विचारत सुटले होते. "मी दुपारी केबिनमध्ये डोकावतो तेव्हा कॅमेरा भिंतीकडे! ओरडून जातो, परत येतो, तर पुन्हा सरळ! हा आनंदाच बटण दाबतो. डुलकी काढताना दिसू नये म्हणून!"

डुलकीवर उपाय म्हणून त्यांनी केबिनमधली पाठीची खुर्ची उचलून नेली होती आणि तिथे एक स्टूल ठेवलं होतं. कॅमेऱ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

"मी त्या बटनाला हात पन नाय लावला, साहेब," आनंदाकाका एवढंच म्हणायचे.

"बाबा खोटं नाही बोलत," वेणू आता म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "त्यांना काढलं तर मी इथे येणार कशी?"

राजरत्नने कावळा बाजूला ठेवला. खरं तर त्यालाही रडू येत होतं, पण पायलसमोर रडायची सोय नव्हती.

"ठरलं!" तो म्हणाला. "आपण पाळत ठेवायची!"

पाळत ठेवायला एक अडचण आली. राजरत्नला आईने गच्चीवर कुरडया राखायला बसवलं. "कावळ्यांवर तुझा एवढा अभ्यास आहे, तर कर उपयोग," आई म्हणाली. त्यामुळे राजरत्न गच्चीत काठी घेऊन बसला, पायल केबिनमध्ये टीव्हीपुढे बसली आणि वेणू अंगणाच्या मधोमध उभी राहिली. पायल ओरडली की वेणूने वर ओरडायचं, आणि कॅमेऱ्यावर काय बसलंय ते राजरत्नने सांगायचं.

दुपार झाली. टीव्हीवर फाटक दिसत होतं. मग सायकल स्टँड. खांबावरच्या माइकमधून रस्त्यावरच्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू येत होती. एकदम स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ असा आवाज सुरू झाला, चित्रावर तिरके करडे पट्टे धावायला लागले आणि कॅमेरा जिना ओलांडून पुढेच निघाला! आनंदाकाका तेव्हा फाटक उघडून गॅसच्या टेम्पोला आत घेत होते.

"गेला! भिंतीकडे गेला!" पायल किंचाळली.

"गेलाऽऽ!" वेणूने वर हाक मारली. "कावळा आहे काऽऽ?"

"कावळा नाहीऽऽ!" वरून नाइलाजाने उत्तर आलं. "मला नीट ऐकू येत नाहीये! टाकीत पाणी पडतंय धो धो!"

पायल तडक बाहेर आली. "काय म्हणालास? पुन्हा सांग!"

"टाकीत पाणीऽऽ!"

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज थांबला. त्याच वेळी स्पीकरची घूं घूं बंद झाली, पट्टे गेले, आणि कॅमेरा मुकाट्याने फाटकाकडे वळला. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. फरक एवढाच की त्या गडबडीत कावळ्याने एक कुरडई नेली.

"पंप!" पायल म्हणाली. "पंप चालू झाला की कॅमेरा बिघडतो! आणि पंप कोण चालू करतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंपाच्या खोलीची किल्ली सबंध सोसायटीत एकाच माणसाच्या कमरेला असायची. कमळाकरकाका पंप चालू करायचे, तिथून केबिनकडे यायचे आणि कॅमेरा भिंतीकडे वळलेला बघून ओरडायचे. मग जाऊन पंप बंद करायचे आणि परत येऊन म्हणायचे, बघा, ओरडलो की सरळ होतो!

"पण पंपाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध काय?" वेणूने विचारलं.

संबंध शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. कॅमेरा बसवला होता उल्हासनगरच्या संतोषने. त्या दिवशी तिघंही दिवसभर त्याच्या पायात पायात करत होती. "एकच वायर, कामं तीन!" तो निळी वायर नाचवत म्हणाला होता. "कॉम्प्युटरच्या नेटवर्कची वायर आहे ही. चित्र हिच्यातून, आवाज हिच्यातून, आणि कॅमेऱ्याला ऑर्डर पण हिच्यातूनच, आतल्या नारिंगी तारेतून. टीव्हीजवळचा हा बटणांचा डबा कॅमेऱ्याला ‘फिर, फिर’ असं सारखं सांगतो, जागा आली की एकदाच ‘थांब’ सांगतो. समझे क्या?" आणि अंगण खोदायला लागू नये म्हणून कमळाकरकाकांनी ती वायर पंपाच्या वायरीच्याच पाइपातून न्यायला सांगितली होती.

"म्हणजे पंपाच्या गोंगाटात ते एकदाच सांगितलेलं ‘थांब’ हरवतं!" राजरत्न म्हणाला.

पायलने खोडून काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. भावाचं म्हणणं चक्क बरोबर होतं!

"पण कुठे हरवतं?" तिने तेवढ्यात शंका काढलीच.

पंपाच्या खोलीबाहेर वायरीचा जोड होता. तिथे निळी वायर अपुरी पडली म्हणून संतोषने दुसरा तुकडा जोडला होता आणि वर प्लास्टिकची डबी बसवली होती. तिचं झाकण पारदर्शक होतं. पंपाच्या वायरीला हात लावायचा नाही, हे आनंदाकाकांनी बजावलं होतं. त्यामुळे तिघं हात मागे बांधून डबीत बघत राहिली. आत आठ बारीक तारा. चार रंगीत, चार पांढऱ्या.

"ही वायर आमच्याकडे पण आहे," वेणू म्हणाली. "उरलेला तुकडा संतोषदादाने बाबांना दिला होता. आई त्याच्यावर कपडे वाळत घालते."

दुसऱ्या दिवशी चामटोलीच्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक कापून आलं. राजरत्नने वरची निळी साल सोलली. आत रंगीत तार आणि पांढरी तार अशा जोड्या होत्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसली होती. पांढऱ्या तारा नुसत्या पांढऱ्या नव्हत्या. उन्हात धरल्यावर नारिंगीच्या जोडीदारणीवर पुसट नारिंगी रेघ दिसली, हिरवीच्या जोडीदारणीवर हिरवी.

तिघं तो तुकडा घेऊन डबीकडे धावली. संतोषने पांढरी ती पांढरी असं धरून, जी हाताला लागेल ती कुठेही जोडली होती. नारिंगीबरोबर ऑर्डर नेणारी पांढरी जोडाच्या पुढे हिरवीबरोबर पीळ घालून बसली होती!

मीटिंग अंगणात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, केबिनमधला टीव्ही दारात आणला, आणि कॅमेरेवाला म्हणून संतोषलाही बोलावलं होतं. आनंदाकाका स्टूल घेऊन एका कडेला बसले होते.

"आता या विषयावर..." कमळाकरकाकांनी सुरुवात केली.

"काका, पाणी आलंय!" पायल उठून म्हणाली. "आधी पंप चालू करता का? वरच्या टाकीत थेंब नाही!"

ही तक्रार मेमध्ये कोणीही टाळत नाही. काका किल्ली वाजवत गेले आणि पंप चालू केला. घूंऽऽऽ! टीव्हीवर पट्टे धावले, कॅमेरा फाटक सोडून निघाला आणि सगळ्या सोसायटीच्या डोळ्यांदेखत भिंतीकडे जाऊन बसला. आनंदाकाकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"आता बंद करा, काका!" राजरत्न ओरडला.

पंप बंद. कॅमेरा फाटकाकडे. पुन्हा चालू. कॅमेरा भिंतीकडे. तिसऱ्यांदा मात्र काकांनी किल्लीला हात लावला नाही.

"कॅमेरा आनंदाकाका नाही फिरवत," पायल म्हणाली. "तुम्ही फिरवता."

"अरे, पण मी सगळ्या तारा चेक केल्या होत्या!" संतोष उठला. "मीटर लावला, बीप बीप करत आठच्या आठ वाजल्या, कसम से!"

"वाजल्या, पण जोड्या मोडल्या!" वेणूने कपड्यांच्या दोरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. संतोषने तो बघितला, डबी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"यार... घराच्या वायरिंगमध्ये काळी ती काळी. तीच सवय," तो म्हणाला. मग त्याने सगळ्यांना समजावलं, "जोडीला पीळ असतो ना, तर पंपाचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो. कॅमेरा दोन तारांमधला फक्त फरक बघतो. गोंगाट सारखा, म्हणजे फरक शून्य. जोडी तुटली की एकीवर जास्त, एकीवर कमी."

"आई आम्हा दोघांना सारखंच ओरडली तर भांडण होत नाही, तसं," राजरत्न म्हणाला. हे तिथल्या सगळ्या आयांना लगेच कळलं.

संतोषने पंपाचं मेन स्विच पाडलं आणि जोड सोडवून जोड्या पुन्हा लावल्या. "ही वायर पंपाच्या पाइपात नकोच होती," तो पुटपुटला. "वेगळा पाइप टाकून देतो, माझ्या खर्चाने." मग पंप सुरू झाला. घूं नाही, पट्टे नाहीत! कॅमेरा फाटकावर थांबला, स्टँडवर थांबला, जिन्यावर थांबला.

टाळ्या पडल्या. "पोरांनी आम्हाला शिकवलं," कोणीतरी म्हणालं, आणि राजरत्नची आई एक कुरडई गेल्याचं विसरली. आनंदाकाकांनी वेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

कमळाकरकाका मात्र दिसेनात. विषय न मांडता सेक्रेटरी गेले कुठे? एवढ्यात कॅमेरा जिन्याकडे वळला आणि थांबला. टीव्हीवर कमळाकरकाका जिना उतरत होते. त्यांच्या डोक्यावर केबिनमधली पाठीची खुर्ची होती. कॅमेरा फाटकाकडे गेला, तर तिथूनही ते चालत होते. मग ते टीव्हीतून बाहेर, खरोखरीच्या अंगणात आले आणि त्यांनी खुर्ची आनंदाकाकांसमोर ठेवली.

"चुकलो मी, आनंदा," ते म्हणाले. "बस."