सहा रिकाम्या पुरचुंड्या

गुन्हेगार कितीही हुशार असो, जागेवर काहीतरी मागे सोडतोच. बसऱ्यातल्या या घरात त्याने सहा रिकाम्या पुरचुंड्या सोडल्या होत्या, आणि घरच्यांनी त्याबद्दल मोलकरणीला हाकलून दिलं होतं.

उम्म गालिबचा नातू सहाव्या दिवशी गेला. अंग हळदीसारखं पिवळं, लंगोटावर काळ्या चहासारखे डाग. सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. आता सुनेचं, रजवाचं, गाठोडं दाराशी बांधून ठेवलं होतं. माहेरी पाठवणी.

"हिनं बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या," उम्म गालिब म्हणाली. "अंगावर पाजणारी बाई, आणि जिभेचे चोचले!"

त्या शेंगांनी काही पोरं पिवळी पडतात, हे बसऱ्यातल्या आज्यांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं.

"खाल्ल्यास?" बाळ कशानं गेलं ते शोधायला आलेल्या डॉक्टर बुसैनानं रजवाला विचारलं.

"कशा खाणार, डॉक्टरबाई? हॉस्पिटलातून आल्यापासून यांच्याच हातचं जेवतेय."

"मग तुम्ही वाढल्यात, खाला?"

"मी? वेड लागलंय का मला!"

"बाळ घरी आलं तेव्हा कसं होतं?"

"डाळिंबासारखं. मीच घोंगडीत गुंडाळलं. या घरातला प्रत्येक मुलगा त्याच घोंगडीत वाढलाय. माझा गालिबसुद्धा. त्याला काय झालं?"

"धुतली होतीत?"

"घराण्याची बरकत धुऊन टाकू? ट्रंकेतून काढली तशी गुंडाळली."

बुसैनानं घोंगडी नाकाशी नेली.

"ट्रंकेत डांबरगोळ्या कधीपासून?"

"गालिब शाळेत जायला लागला तेव्हापासून. कसर लागायची ना. पण सहाच्या सहा चोरल्या त्या मेल्या मोलकरणीनं! पुरचुंड्यांच्या गाठी मात्र जशाच्या तशा."

"चोरानं गाठी पुन्हा बांधल्या?"

उम्म गालिब ट्रंकेकडे बघू लागली.

"गोळ्या कुणी नेल्या नाहीत, खाला. दगडी कोळशाच्या डांबरातून निघते ती चीज. ठेवल्या जागी तिचं पाणी होत नाही, सरळ हवा होते. ती हवा या लोकरीत मुरली. काही बाळांच्या रक्तात एक उणीव असते; त्यांना त्या शेंगांसारखीच ही हवाही सोसत नाही, रक्त आतल्या आत फुटतं. गालिबच्या वेळी गोळ्या नव्हत्या. हे बाळ तीन दिवस तीच हवा घेत होतं. रजवानं काही केलेलं नाही."



"घट्ट गुंडाळलं होतं मी," उम्म गालिब म्हणाली. "गार वारा लागू नये म्हणून."

मग ती उठली आणि दाराशी बसून सुनेचं गाठोडं सोडू लागली. गाठ सुटेना. रजवा शेजारी येऊन बसली. दोघींनी मिळून सोडली.

एक गोष्ट बुसैनानं त्या घरात सांगितली नाही. मुलाच्या रक्तातली ती उणीव आईकडून येते.