पंखा थांबला की इंजिन बंद

"गेली! पुन्हा गेली!" ढब्बू ओरडला.

चढावर मामाच्या जुन्या व्हॅनने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. मागच्या फळ्यांवरची पुस्तकं धडाधड खाली कोसळली. मामा या व्हॅनमधून वस्त्यावस्त्यांवर पुस्तकं पोचवायचा. चाकांवरचं वाचनालयच ते! पण महिनाभर गाडी वाटेल तिथे बंद पडायची आणि थोड्या वेळाने, जसं काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू व्हायची.

"मीटर, बघ रे तुझं यंत्र काय म्हणतंय," मामा म्हणाला.

झालं! फुगीचं तोंड फुगलं. तिला फुगी म्हणायचे ते यामुळेच.

मीटर म्हणजे तिचा मावसभाऊ. करंट मोजायचा मीटर झोपतानाही त्याच्या उशाशी असायचा. फुगी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू दर सुट्टीत मामाकडे यायचे, आणि मामाशेजारची सीट फुगीची ठरलेली. पाने-पकडी पुढे करायच्या, रेडिएटरमधलं पाणी बघायचं, सगळं तिचंच काम! यंदा मीटर पहिल्यांदाच आला, मागे बसलं की त्याला मळमळतं म्हणाला, आणि फुगी गेली मागे, पुस्तकांच्या खोक्यावर! डॅशबोर्डवरच्या छोट्या पंख्याचा वाराही आता त्याच्याच केसांना.

"बॅटरी ठीक. इंजिनला ठिणगी देणाऱ्या कॉइलपर्यंत करंट येतोय. सगळं ठीक आहे," मीटर म्हणाला.

"सगळं ठीक आहे तर बंद का पडली?" फुगीने फटकन विचारलं.

मामाने किल्ली फिरवली. गाडी सुरू!

"बघा! याचा नुसता हात लागला आणि सुरू! गुणाचं पोर आहे!"

फुगीचा नुसता जळफळाट झाला.

वाटेत गाडी गॅरेजवर नेली, तर गॅरेजवाल्या काकांनी बॉनेटही उघडलं नाही. बाहेरूनच थाप मारून म्हणाले, "इंजिन थकलं, साहेब. गाडी विकून टाका. परवा सकाळी एक गिऱ्हाईक आणतो. सुट्या भागांसाठी नेईल तो."

मामाने नुसती मान हलवली आणि गाडी घराकडे वळवली.

फुगीला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. चढावर ती रागारागाने त्या पंख्याकडे बघत होती. पंखा आधी मंद झाला, मग इंजिनने आचका दिला! आदल्या दिवशी वळणावरही हेच झालं होतं. पण हे सांगितलं की मीटर त्यावर चार जड शब्द फेकणार, आणि शाबासकी त्यालाच!

"नाही सांगणार. मुळीच नाही!" तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात आली आणि थबकली. मामा व्हॅनच्या अंगावरची 'वाचनालय' ही रंगवलेली अक्षरं पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होता. एक अक्षर संपलं की थांबायचा, हात झटकायचा, पुन्हा लागायचा.

मामा आत गेल्यावर तिला मीटर दिसला. पुढच्या चाकाला टेकून बसला होता, मांडीवर आकड्यांनी भरलेली वही.

"बावीस वेळा मोजलं," तो डोळे पुसत म्हणाला. "काही सापडत नाही. मामा सारखा म्हणतो, 'फुगी नुसत्या आवाजावरून ओळखते.' पहिल्या दिवसापासून ऐकतोय. मला तुझा इतका राग यायचा!"

"माझा?" फुगी बघतच राहिली. मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "पंखा आधी थांबतो!"

"काय?"

"इंजिनच्या आधी पंखा थांबतो. दिवे चालू, हॉर्न चालू. फक्त पंखा आणि इंजिन!"

मीटर ताडकन उठला. "म्हणजे दोघांना करंट देणारी वायर एकच! आणि मी मोजत होतो उभी गाडी! दोष गाडी हलली की येत असणार!"

"मग हलवू या की!" ढब्बू मागच्या बंपरवर चढलासुद्धा.

फुगीने मामीकडून किल्ली मागून आणली. मीटरने एका छोट्या दिव्याला दोन वायरी जोडल्या; एक टोक कॉइलला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. किल्ली फिरवताच दिवा लागला. ढब्बूने दणादण उड्या मारल्या. दिवा मिचकला, विझला, पुन्हा लागला!

"अजून मार! अजून!"

"दमलो ना मी!"

किल्ली बंद करून फुगी डॅशबोर्डखाली उताणी शिरली आणि पंख्याची वायर चाचपत गेली. काळ्या टेपचा एक गोळा हाताला लागला. टेप सोडवली तर आत कॉइलची वायर कापलेली! तिच्या टोकांना पंख्याची वायर नुसती हाताने पिळून जोडलेली. सांधा जळून काळा पडलेला. गाडीला धक्का बसला की पंखा हलायचा, वायर ओढायचा आणि सांधा सुटायचा!

"पंखा कुणी बसवला?" मीटरने विचारलं.

"गॅरेजवाल्या काकांनी. महिन्यापूर्वी!"

"चल, मामाला सांगू!"

"थांब. काका म्हणतील पोरखेळ आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवू!"

सकाळी काका गिऱ्हाईक घेऊन आले. मामा किल्ली द्यायला हात पुढे करतोय तोच फुगी मध्ये उभी राहिली.

"काका, थकलंय ते इंजिन ना? मग हा दिवा का विझतो?"

मीटरने मामाच्या हातातली किल्ली घेऊन फिरवली, ढब्बूने उड्या मारल्या. दिवा मिचकला. फुगीने डॅशबोर्डखालचा तो जळका सांधा काकांना दाखवला. गिऱ्हाईक वाकून बघून मोठ्याने हसलं.

काका गोरेमोरे झाले. "तेव्हा गर्दी होती हो गॅरेजवर... आणि टेपही जरा खराबच निघाली..."

पण निमूटपणे त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. सांधा कापून नवी वायर टाकली, पंख्याला वेगळी वायर आणि फ्यूज दिला. मग सगळे गाडीत बसले. चढ आला, खड्डे आले, वळण आलं. गाडी सुसाट! एक आचका नाही!

"शाबास रे मीटर!" मामा ओरडला.

"मी नाही, मामा. फुगीने ओळखलं," मीटर म्हणाला.

"अगं माझी बाई! कमाल केलीस!"

हीच तर शाबासकी हवी होती! पण फुगीला ती घेववेना.

"मामा, मला हे परवाच कळलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मीटरचं कौतुक होईल म्हणून गप्प बसले."

मामाने गाडी कडेला घेतली.

"राग आला मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? काल ती अक्षरं खरवडताना हात चालत नव्हता माझा. पण आत्ता सगळ्यांसमोर बोललीस ना, ते तुझ्या वयात मला जमलं नसतं."

"मला तर अजूनही जमत नाही," मागून गॅरेजवाले काका पुटपुटले. पुस्तकांच्या खोक्यावर अंग चोरून बसले होते. मग त्यांनी घसा खाकरला. "साहेब, टेप चांगली होती. चूक माझी होती."