बाईंनी न बांधलेला गंडा

माधवराव उकिडव्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली बाईंची होती. मुलगा परदेशी स्थायिक झाल्यावर त्याचा पलंग भंगारात गेला, आणि तिथे काचेची कपाटं आली. बाई म्हणजे ख्यालगायिका द्वारकाबाई म्हैसाळकर. त्यांनी या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण त्यांची विटलेली शाल होती, एक काडी मोडलेला चष्मा होता, जुन्या तंबोऱ्याची झिजलेली घोडी होती आणि मिरजेच्या एका बैठकीत अर्धा चहा ठेवून उठल्या तो कपही होता. पानाचा पितळी डबा मधल्या कप्प्यात, मानाच्या जागी. शिकवताना कोणी चुकलं की बाई बोटातली अंगठी त्या डब्यावर वाजवायच्या. टक्. आणि म्हणायच्या, "पुन्हा."

"पानाची पिचकारी तेवढी राहिली," त्यांची बायको मंदाकिनी म्हणायची. "भिंतीचा तुकडा कापून आणा, म्हणजे तुमचा संग्रह पुरा होईल."

माधवराव हसण्यावारी न्यायचे. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेला माणूस. मोजता येतं ते खरं, बाकी सगळं कीर्तन, असा त्यांचा खाक्या. फक्त बाईंच्या बाबतीत हा खाक्या ते खुंटीला टांगून ठेवत. एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता: यातली एकही वस्तू त्यांनी न विचारता उचललेली नव्हती. मागितलं, मिळालं तर घेतलं, नाही तर हात जोडून परत. सरकारी नोकरीतही हात स्वच्छ आणि इथेही स्वच्छ.

या भक्तीच्या तळाशी एक जुनी सल होती. कॉलेजात असताना ते बाईंकडे गाणं शिकायला गेले होते. बाईंनी एकच सा लावायला सांगितला. त्यांनी घसा खाकरला आणि लावला. बाई डोळे मिटून थोडा वेळ बसल्या. मग फार मायेने म्हणाल्या, "तुम्ही ऐका हो. ऐकणारेही लागतात." कोणी हाकलून दिलं असतं तर माणूस रागावून मोकळा होतो. या मायेवर रागावणार कसं? माधवराव ऐकत राहिले. सगळं आयुष्य ऐकत राहिले.

भाद्रपदात बाई गेल्या. दिवाळीच्या आधी त्यांच्या पुतणसुनेने, नम्रताने, घर आवरायला काढलं आणि माधवरावांना बोलावणं धाडलं. बाईंचं घर मंडईजवळ, एका टोपल्या-सुपांच्या दुकानाच्या वर. खिडकी उघडली की कोथिंबिरीचा वास आणि भाव करणाऱ्यांचा कालवा एकदमच आत यायचा. बाईंची शिष्या स्वराली आधीच येऊन ध्वनिफितींवरची धूळ पुसत बसली होती. ही मुलगी खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि नोकरीवर जाण्याआधी रोज पहाटे स्कूटरवरून इथे शिकायला यायची. अशी कित्येक वर्षं. तिचा सा ऐकला की माधवरावांना बरं वाटायचं आणि त्याच वेळी आपला सा आठवायचा.

देवघराच्या खालच्या खणात, जुन्या पंचांगांच्या मागे, माधवरावांना एक चांदीची डबी सापडली. आत लाल-पिवळा दोरा होता, हळदीत भिजवून वाळवलेला. सोबत गुळाचा खडा आणि चार भाजलेले चणे.

ते काय आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गंडा. गुरूने तो शिष्याच्या मनगटावर बांधायचा, गूळ-चणे भरवायचे, की मग गुरूची विद्या शिष्याची आणि शिष्याची लाज गुरूची. बाईंनी जन्मात कोणाला गंडा बांधला नव्हता. "मोकळे राहा," म्हणायच्या. म्हणजे हा बाईंचा एकमेव गंडा. असा तुकडा जगात दुसऱ्या कोणाच्या संग्रहात असणं शक्य नव्हतं.

नम्रता स्वयंपाकघरात होती. डबी माधवरावांच्या पिशवीत कधी गेली ते त्यांच्या हातालाच ठाऊक. विचारू, जाताना विचारू, असं ते मनात म्हणाले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून स्वराली म्हणाली, "काका, एक छोटी डबी दिसली का हो कुठे? चांदीची?"

"कसली डबी?"

"बाई म्हणाल्या होत्या, दसऱ्याला तुला बांधीन. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण तयारी करून ठेवलीय म्हणाल्या." तिने नाक पुसलं. "आता कोण बांधणार? पण निदान बघायला तरी मिळावा."

"नाही बुवा," माधवराव म्हणाले.

हे दोन शब्द उच्चारायला काहीच कष्ट पडले नाहीत, याचंच त्यांना बसमध्ये नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदाकिनी भिशीला गेली. माधवराव कपाटासमोर बसले. डबी मधल्या कप्प्यात, पानाच्या डब्याशेजारी ठेवायची होती, तेवढंच. पण दोरा हातात घेतला आणि वाटलं, बघावा तरी मनगटावर कसा दिसतो. घरात कोणी नाही. एवढ्या वयात असला पोरकटपणा करताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि तरीही त्यांनी उजव्या मनगटाला दोन वेढे घेतले.

एका हाताने गाठ मारता येईना. त्यांनी एक टोक दातांत धरलं. ते सुळकन सुटलं.

सुटलेलं टोक खाली पडलं नाही. कोणीतरी ते वरचेवर धरलं, दुसऱ्या टोकाभोवती फिरवलं आणि ओढलं. मग पुन्हा एकदा ओढलं. घट्ट, पण दुखेल असं नाही. लहान मुलाच्या हाताला बांधताना बेताने ओढतात तसं.

जिभेवर गुळाची चव आली. चण्याचं सालपट दातात अडकलं होतं. डबी रिकामी होती.

माधवरावांनी खिडकी बंद आहे ना ते पाहिलं, पंखा बंद केला, नाडी मोजली. दोरा कसा अडकला असेल याची तीन कारणं त्यांनी मनाशी मांडली. चण्याचं एकही सापडेना. गाठ नखांनी सुटेना, तेव्हा शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. कात्री दोऱ्यावरून नुसती घसरत राहिली. मंदाकिनीने बेल वाजवली तेव्हा त्यांनी घाईघाईने पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला.

"ऑक्टोबरच्या उकाड्यात हे काय? लग्नाला निघालात?"

"थंडी वाजतेय जरा."

"बरोबर आहे. वय झालं," म्हणून ती आत गेली.

पहाटे त्यांना जाग आली ती मागच्या खोलीतल्या आवाजाने. टक्.

ते उठून गेले. कपाटं बंद होती. पानाचा डबा जागेवर होता. पण समोर कोणीतरी बसलं आहे आणि वाट पाहत आहे, हे अंधारात दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर कळतं तसं त्यांना कळलं. ते जमिनीवर बसले. घसा खाकरला. सा लावला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा तो होता, तरुणपणी होता तसाच.

टक्.

"पुन्हा."

आवाजात राग नव्हता. तीच जुनी माया होती. ज्या माणसाने आयुष्यभर बाईंचा स्वर कणाकणाने तोलला, त्याला आपला सा कुठे आणि किती खाली आहे हे नेमकं कळत होतं. तो त्यांना वर नेता येत नव्हता. बाई पुन्हा म्हणत होत्या, ते पुन्हा लावत होते, आणि शरमेने त्यांचे कान तापले होते. उजाडेपर्यंत हे चाललं. मग रोज चाललं.

मंदाकिनीला बाईंचा आवाज ऐकू येत नव्हता. तिला ऐकू यायचा तो फक्त नवऱ्याचा.

"शेजारच्या शर्मिलाताई विचारत होत्या, काकांना बरं नाही का म्हणून," तिने चहा पुढे सरकवत सांगितलं. मग नेहमीचा खवचटपणा सोडून म्हणाली, "अहो, काय चाललंय तुमचं? मला सांगा ना."

माधवरावांनी बाही खाली ओढली. "हौस," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात स्वरालीचा फोन आला. "काका, माझा सा लागत नाहीये."

"सर्दी असेल."

"नाही ना. डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, गळा एकदम क्लिअर आहे. पण लिटरली लागतच नाहीये, सरकतोय." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही हसाल. पण बाई गेल्या, तरी मी पहाटे बसले की बाजूला असल्यासारख्या वाटायच्या. चुकले की टक् ऐकू यायचं. आता काहीच नाही. आपण घर आवरलं ना, त्यानंतर एकदम शांत झालं. आणि पुढच्या महिन्यात बाईंच्या स्मरणाची बैठक आहे. मलाच गायचंय, काका. त्यांचं दुसरं आहे कोण?"

माधवरावांना सगळं कळलं. मोजता येत नव्हतं, तरी कळलं.

बैठकीच्या दिवशी ते मंडईजवळच्या त्या घरी लवकर गेले, सगळ्यांदेखत बाही वर करायची असं ठरवूनच. दारातच नम्रताने त्यांना पुढे घेतलं आणि जमलेल्या मंडळींना म्हणाली, "हे उकिडवेकाका. अख्खं घर मी यांच्यावर सोडलं होतं. सुतळीचा तोडासुद्धा विचारल्याशिवाय घेतला नाही यांनी."

लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर हात जोडले. माधवरावांनी बाहीचं बटण चाचपलं. ते लावलेलं होतं, आणि त्यांनी ते लावलेलंच राहू दिलं.

स्वराली गायला बसली. तंबोरे छान जुळले होते. तिने सा लावला, तो सरकला. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे न बघता पदर सारखे करू लागल्या. तिने तंबोरा आडवा ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि आतल्या खोलीत निघून गेली. माधवराव जिना उतरले ते कठड्याला धरून. रस्त्यात त्यांना आपला चेहरा कोणाला दिसू नये असं वाटत होतं, आणि मंडईत तर सगळं पुणं होतं.

रविवारी सकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. "काका, बाईंच्या वस्तू बघत जरा वेळ बसू? काही लागतंय का बघते. शेवटचं. नाही तर सोडून देते गाणं."

मंदाकिनी चहा टाकायला गेली. माधवरावांनी खोलीचं दार लोटलं, बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. "मी चोरला," ते म्हणाले.

स्वराली रागावली नाही. तिने वाकून त्यांचं मनगट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोणी बांधला?"

"मीच. गंमत म्हणून."

"गंडा स्वतःला बांधता येत नाही, काका." तिने गाठीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "ही बाईंची गाठ आहे. तंबोऱ्याच्या तारेला अशीच मारायच्या. दोनदा ओढून."

"सोडव ती. तोड. माझा हात कापलास तरी चालेल."

तिने मान हलवली. मग ओढणी सारखी केली, खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

माधवराव मागे सरकले. पाठीला काच लागली. "हे काय करतेस? मला येत नाही गं. बाईंनीच सांगितलं होतं."

"तुम्हाला येतात ना त्या ऐकू? मला येत नाहीत." तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बाईंचा गंडा तुमच्या हातावर आहे. मग बाई तुमच्याकडे. शिकायचं तर तुमच्याकडूनच शिकायला हवं. शिकवा."

टक्.

तिला ते ऐकू आलं नाही.

माधवरावांनी ओठ घट्ट मिटले. ते फार वेळ मिटून राहिले नाहीत. घसा खाकरून त्यांनी सा लावला, खाली पडलेला, कडेने फाटलेला. एवढी लाज त्यांना बाईंसमोरही वाटली नव्हती.

स्वराली डोळे मिटून ऐकत होती. गुणी मुलगी. गुरूने दिलेलं तोळाभर कमी नाही की मासाभर जास्त नाही, असं उचलायचं, हे बाईंनीच तिला शिकवलेलं.

तिने घसा खाकरला.

मग सा लावला.

माधवरावांनी नको म्हणायला हात वर केला. हात कपाटाच्या काचेवर पडला, टक् वाजला, आणि त्यांच्या तोंडून फार मायेने शब्द आला, "पुन्हा."

तिने पुन्हा लावला. माधवराव तोंडावर हात दाबून बसले होते.

स्वयंपाकघरातून मंदाकिनीने हाक मारली, "अहो, पुरे झालं तुमचं भसाडं. ती पोर एवढ्या लांबून आलीय, तिला गाऊ द्या की जरा."